कोर्स संपला, आता मुलाखतीत दाखवायचं काय?

डिजिटल मार्केटिंगचा कोर्स संपला की सगळ्यांच्या बायोडेटात तीच प्रमाणपत्रं दिसतात. गूगल ॲड्सचं प्रमाणपत्र जरूर घ्या, ते मोफत आहे. पण त्याची मुदत 1 वर्षाचीच असते आणि नुसत्या त्याच्या जोरावर नोकरी मिळत नाही. मुलाखत घेणारा विचारतो, "तुम्ही स्वतः काय चालवलंय?"

त्यासाठी आवडीच्या एखाद्या विषयावर छोटी वेबसाइट आजच सुरू करा. आठ-दहा लेख पुरेत. ती गूगल सर्च कन्सोलला (आपली पानं गूगल शोधात किती वेळा दिसली, किती क्लिक आले हे दाखवणारं गूगलचं साधन) जोडा आणि दोन-तीन महिने आकडे बघत राहा. समजा, एक लेख शोधात 1200 वेळा दिसला, पण क्लिक आले 12, म्हणजे जेमतेम 1 टक्का. लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले होते ते तपासा, त्यानुसार शीर्षक बदला, बदलाची तारीख लिहून ठेवा आणि चार आठवड्यांनी पुन्हा बघा. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट हाच तुमचा पोर्टफोलिओ. आकडा वाढला नाही तरी दाखवा. का वाढला नसेल हे नीट सांगणारा उमेदवार मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

जाहिरातींकडे कल असेल तर ज्या कंपनीत अर्ज करताय तिच्यासाठी एक सर्च ॲड, म्हणजे गूगल शोधाच्या निकालांत दिसणारी मजकुराची जाहिरात, लिहून न्या. शीर्षकाला 30 कॅरेक्टरची मर्यादा असते, वर्णनाला 90.

अर्ज पाठवण्याआधी त्यांची वेबसाइट मोबाइलवर उघडून बघा. काही खटकलं तर ईमेलच्या दुसऱ्याच ओळीत ते नम्रपणे, उपायासकट लिहा.