तलावातलं पाणी आणि घड्याळातली वेळ: या चुका टाळा

तलावात पोहताना जाण्याचे ५० मीटर ३३ सेकंदांत, येण्याचे ३४, आणि हे रोज, त्याच लेनमध्ये. अशा वेळी बहुतेक जण दम कमी पडतोय म्हणतात किंवा स्ट्रोक बदलायला घेतात. थांबा, आधी पाणी तपासा.

पाणी स्थिर आहे असं गृहीत धरणं

तलाव दिसायला शांत असला तरी पंप पाणी फिल्टरकडे ओढत असतो आणि इनलेटमधून परत सोडत असतो. इनलेटची तोंडं एकाच दिशेला असली की सगळं पाणी हळूहळू गोल फिरू लागतं. २०१३ साली बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेसाठी तात्पुरता तलाव उभारला होता. इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या वेळा फेरीगणिक तपासल्या. एका बाजूच्या लेनमधले जलतरणपटू जाताना वेगवान होते, तर दुसऱ्या बाजूचे येताना. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकबद्दलही अशीच शंका निघाली. तलाव उभारणाऱ्या कंपनीने ती फेटाळली.

आता हिशेब पाहा. तुमचा वेग सेकंदाला दीड मीटर आणि प्रवाह फक्त दोन सेंटिमीटर. प्रवाहाबरोबर ५० मीटरला सुमारे ०.४४ सेकंद वाचतात, उलट जाताना जवळपास तेवढेच जातात. १०० मीटरला फिट्टंफाट. पण ५० मीटरच्या शर्यतीत परतीची फेरीच नसते, आणि तिथे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतं.

तपासायला खर्च नाही. अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली जवळजवळ काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. पंप चालू असताना, कोणी पाण्यात उतरण्याआधी, ती लेनच्या मध्यावर सोडा आणि मिनिटभरात काठावरच्या किती फरशांएवढी सरकते ते मोजा. रिकामी बाटली वापरू नका. उघड्या तलावात तिला वाराच ढकलतो. सगळ्या लेनमध्ये हे करा. बाटली ठरावीक दिशेनेच जात असेल तर तलाव सांभाळणाऱ्यांना इनलेटची तोंडं फिरवायला सांगा. स्पर्धेच्या नियमांनुसार फिल्टर चालू ठेवता येतो, पण पाण्यात जाणवेल असा प्रवाह चालत नाही.

कडेच्या लेनमध्ये टाइम ट्रायल देणं

ज्या तलावात पाणी काठाच्या बरंच खाली असतं तिथे लाट भिंतीवर आपटून तुमच्याच अंगावर येते. पाणी काठावरून कडेच्या पन्हळीत (गटरमध्ये) सांडणाऱ्या तलावात हा त्रास कमी. लाटांचा त्रास कमी व्हावा म्हणून २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तलाव ३ मीटर खोल होता आणि दोन्ही कडेच्या लेन रिकाम्या होत्या. (तिथल्या २५ विश्वविक्रमांचं श्रेय एकट्या तलावाला देऊ नका, त्या काळचे वेग वाढवणारे पोहण्याचे सूटही त्यात होते.) लेन रोप (दोन लेनमधले तरंगते दोर) ढिले असतील तर लाटा शेजारून सरळ आत येतात. ट्रायलआधी ते ताणून घ्या.

टर्ननंतर लगेच वर येणं

तुमच्यामागून येणारं पाणी अजून पुढेच सरकत असतं. भिंतीला लाथ मारून पृष्ठभागावर आलात की त्यालाच धडकता. साधारण अर्धा मीटर खोलीवर हात-पाय ताणून सरळ राहा, त्याच्या खालून निघा आणि मग वर या.

दुसऱ्याच्या पायांमागची वेळ खरी मानणं

पुढच्याच्या पायांपासून हातभर अंतरावर पोहलात तर पाण्याचा अडथळा चांगलाच घटतो. बॅचमध्ये ज्यांची वेळ भारी येते, त्यांना एकदा ओळीत पहिलं सोडून पाहा.