काळ्या मातीत शोषखड्डा कसा खणावा

शोषखड्ड्याचं, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याचं, माप कुणालाही विचारा, उत्तर एकच: चार बाय चार बाय चार फूट. माप चुकीचं नाही. पाच माणसांच्या घरात माणशी ५५ लिटर पाणी धरलं तर त्या पावणेतीनशे लिटरपैकी न्हाणी-मोरीतून दिवसाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास सांडपाणी निघतं, आणि दगड भरल्यावरही एवढ्या खड्ड्यात सहा-सातशे लिटर मावतं. पण मावलेलं पाणी मुरायला हवं ना!

जागा विहीर-बोअरपासून ५० फूट आणि घराच्या पायापासून १० फूट लांब, उताराच्या अंगाला घ्या. संडासाचं पाणी यात सोडू नका.

आता खोदाई. माझा पहिला खड्डा मी ऐन मे महिन्यात खणला. माती काळी, हात जाईल एवढ्या भेगा. दोन घागरी पाणी ओतलं, घटकेत गडप! खूश होऊन दगड भरले. मृगाचे दोन पाऊस झाले आणि खड्डा तोंडापर्यंत तुंबला. महिनाभर अंगणात घाण, डास आणि शेजारच्या काकूंची बोलणी. काळी भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच तुंबून राहतं. उन्हाळ्यात मी तपासल्या होत्या त्या नुसत्या भेगा.

म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जा. चार फुटांत लागला नाही तर सहा फूट खणा, आणि मुरमात फूटभर तरी शिरा. तळात वीतभर पाणी भरून रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा वीतभर भरा आणि मग काठीवर खूण करून मोजा. तासाला इंचभर तरी उतरलं पाहिजे. ही रात्र वाचवायला गवंडी हमखास सांगेल, ऐकू नका.

‘तळाला बोअरचं भोक पाडा, पाणी झटकन जातं,’ असं सांगणारेही भेटतील. जातं, खरंच. आपल्या बेसॉल्टच्या फटींतून थेट कुणाच्या तरी विहिरीत जातं. गोदाकाठी काळी पंधरा-पंधरा फूट खोल असेल तिथे तर शोषखड्ड्याचा नादच सोडा. परसात उथळ चर काढून केळी-कर्दळी लावा.

बाकी सोपं. तळाला डोक्याएवढे गोटे, त्यावर मधोमध सिमेंटची टाकी, तिच्या काठाखाली चार छिद्रं, भोवती दगड, वर गोणपाट आणि माती. गाळ टाकीत बसतो, निवळलेलं पाणी छिद्रांतून दगडांत उतरतं. हाच तो नांदेड पॅटर्न. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव अशाच खड्ड्यांनी डासमुक्त झालं. टाकीला झाकण घट्ट बसवा, पण मातीखाली गाडू नका. दिवाळीआधी आणि होळीनंतर त्यातूनच गाळ उपसायचा आहे.