बरिस्ता वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी

बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा कारागीर, होण्याच्या प्रशिक्षणाच्या काही वर्गांत एकाच यंत्राभोवती इतकी गर्दी असते की, दिवसभरात स्वतःच्या हाताने जेमतेम दोन-तीन एस्प्रेसो (यंत्राच्या दाबाने काढलेली दाट कॉफी) काढायला मिळतात.

१. एका यंत्रावर किती विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाला किती शॉट, म्हणजे एका वेळी काढलेल्या एस्प्रेसो, काढता येतात, हे आधी विचारावे. उत्तर मोघम मिळाल्यास दुसरा वर्ग शोधावा. हाताला सवय लागणे प्रमाणपत्रापेक्षा महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

२. प्रत्येक शॉटची नोंद वहीत ठेवावी. १८ ग्रॅम कॉफीच्या पुडीतून सुमारे ३६ ग्रॅम एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत उतरावी, हे सुरुवातीचे माप धरावे. त्याहून लवकर उतरल्यास दळण बारीक करावे, उशीर लागल्यास जाडसर करावे. मात्र एका वेळी दळणच बदलावे, पुडीचे वजन तेच राहू द्यावे, अन्यथा फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

३. वाफेने दूध फेसाळण्याचा सराव करताना लिटरभर दूध सहज वाया जाते. त्याऐवजी जगमध्ये थंड पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एकच थेंब टाकावा. यंत्राच्या वाफेच्या नळीचे टोक पृष्ठभागाशी ठेवून हवा घेणे आणि मग ते किंचित खाली नेऊन भोवरा फिरवणे, या दोन्ही गोष्टी त्यावर नीट शिकता येतात. चव आणि अंतिम पोत यांसाठी मात्र शेवटी दूधच वापरावे लागते.

सराव संपताच नळीतून वाफ सोडून ती ओल्या फडक्याने पुसावी आणि जग स्वच्छ धुवावा, म्हणजे साबणाचा अंश कोणाच्याही कपात जाणार नाही.