द्राक्षाच्या दोन ओळींमधून रोबो कसा चालवावा

सांगली जिल्ह्यात तासगावकडच्या बागांमध्ये दोन ओळींत साधारण नऊ-दहा फूट जागा असते. क्रेट वाहणारा दोनचाकी रोबो तिथून न्यायचा, तर तो बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, चढता कामा नये. त्यासाठी 'प्युअर परस्यूट' ही, मार्गावरचा पुढचा बिंदू धरून त्याच्याकडे वळत राहण्याची पद्धत आधी शिका. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या क्रेग कूल्टर यांच्या १९९२ च्या अहवालात ती सविस्तर दिली आहे.

१. मार्ग नोंदवा. ओळीच्या मधोमध दर वीस-तीस सेंटिमीटरवर एक बिंदू धरा आणि प्रत्येकाचे निर्देशांक लिहा.

२. रोबोची जागा ओळखा. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. साधं जीपीएस काही मीटर चुकतं, म्हणजे रोबो शेजारच्या ओळीत दिसायचा. आरटीके, म्हणजे जमिनीवरच्या ठाण्याकडून दुरुस्ती घेणारं जीपीएस, मोकळ्या आभाळाखाली काही सेंटिमीटरपर्यंत नेमकं सांगतं, पण दाट मांडवाखाली तेही डळमळतं. म्हणून जोडीला चाकाचे एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारे) आणि जायरो (रोबो किती वळला ते सांगणारा) ठेवा. एन्कोडरवर भिस्त मात्र नको. पाणी दिलेल्या काळ्या रानात चाक जागीच फिरतं आणि एन्कोडर समजतो गाडी पुढे गेली.

३. पुढचा बिंदू धरा. नांगर धरणारा बैलाच्या पायाकडे नाही, समोरच्या बांधाकडे बघतो. रोबोलाही तेच शिकवायचं. मार्गावरचा, रोबोपासून ठरावीक अंतरावरचा बिंदू निवडा; या अंतराला 'पुढचं अंतर' म्हणू. तो रोबोच्या नाकासमोरच्या रेषेपासून किती बाजूला आहे ते मोजा. त्याची दुप्पट करून पुढच्या अंतराच्या वर्गाने भागा, की वळणाची वक्रता मिळते.

समजा बिंदू १ मीटरवर आणि २० सेंटिमीटर डावीकडे आहे. वक्रता ०.४, म्हणजे वळणाची त्रिज्या (१ भागिले वक्रता) अडीच मीटर. वेग सेकंदाला अर्धा मीटर आणि चाकांमधलं अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर वेग, वक्रता आणि चाकांमधलं अर्धं अंतर यांचा गुणाकार ०.०४ येतो; तो आतल्या चाकातून वजा करून बाहेरच्यात मिळवा, म्हणजे डावं चाक सेकंदाला ०.४६ आणि उजवं ०.५४ मीटर वेगाने फिरवा. हे गणित सेकंदाला दहा-वीस वेळा व्हायला हवं.

४. पुढचं अंतर जुळवा. सगळी मेख इथे आहे. अंतर फार कमी ठेवलं तर रोबो नागमोडी चालतो, जास्त ठेवलं तर वळण आतून कापतो आणि कडेच्या खांबाला धडकतो. एक मीटरपासून सुरुवात करा. वेग वाढवाल तसं अंतरही वाढवा. ओळ संपून वळायची वेळ आली की दोन्ही कमी करा. डोळ्यांवर विसंबू नका: रेषेपासूनचं आडवं अंतर नोंदवून आलेख काढा.

पुढच्या चाकांनी वळणारी गाडी असेल, तर 'स्टॅन्ली' पद्धत बघा. २००५ ची डार्पाची (अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेची) चालकाविना गाड्यांची वाळवंटी शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्डच्या गाडीत ती होती. दिशेतली चूक आणि पुढच्या चाकांचं रेषेपासूनचं अंतर, दोन्ही ती एकदम सुधारते. एमपीसी (मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल) ही आणखी एक पद्धत पुढच्या काही क्षणांची हालचाल आधीच ताडून पाहते. पण चालण्याच्या वेगाच्या रोबोला एवढा खटाटोप कशाला, असं माझं मत आहे.

५. चाचणी घ्या. आधी रिकाम्या मैदानात चुन्याची रेघ मारून, मग बागेत. रोबोवर हाताला लगेच सापडेल असं बंद करायचं बटण बसवा आणि पहिल्या फेऱ्यांना क्रेट रिकामे ठेवा.