मृगाच्या आधी घर हलवताना

रत्नागिरीत ७ जूनला मृग लागायच्या आत सामान हलवायचं होतं. अडचण होती काचेची भांडी आणि चिनी मातीच्या बरण्यांची. मे महिन्याच्या अखेरीस आंब्याच्या रिकाम्या पेट्या मिळतात, त्याच आणल्या. आतला पेंढा मात्र आधी कडक उन्हात वाळवला. दमट राहिला तर दोन पावसांत बुरशी धरतो, आणि वास भांड्यांना लागतो तो वेगळाच. बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून पेंढ्यात घट्ट बसवल्या. पेटीवर खोलीचं नाव खडूने नाही, मार्करने लिहिलं. खडू घामाच्या हातांनी पुसला जातो.

लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ती रिक्षात मांडीवर घेतली. टेम्पोवाल्याच्या भरवशावर सासूबाईंनी ती सोडणं शक्यच नव्हतं!

फ्रिज आदल्या रात्री बंद करून दार उघडं ठेवलं, बर्फाचं पाणी काढलं. नेताना उभाच नेला आणि नव्या घरी काही तास तसाच ठेवून मग चालू केला. पलंगाचे नटबोल्ट पिशवीत घालून त्याच्याच पायाला बांधले. गॅसबुक, रेशनकार्ड, वीजबिलं प्लास्टिकच्या फाइलमध्ये माझ्या खांद्याला. गाद्या सगळ्यात शेवटी चढवल्या, म्हणजे उतरताना पहिल्या.