शर्यतीत मेंदूला मार लागल्यानंतर : पहिल्या रात्रीपासून पुन्हा ट्रॅकवर उतरेपर्यंत

मोटार किंवा मोटरसायकलच्या शर्यतीत डोक्यावर आपटलेल्या रेसरचा सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला की घरच्यांचा आणि संघाचा जीव भांड्यात पडतो. खरा घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, कवटीचे फ्रॅक्चर आणि मोठी सूज दिसते. वेगात असलेले डोके एकाएकी थांबल्यामुळे किंवा गर्रकन वळल्यामुळे मेंदूच्या पेशींचे लांब, नाजूक तंतू ताणले जातात आणि त्यांचे काम विस्कळीत होते, ते मात्र बहुतेक वेळा त्यात दिसत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे कन्कशनच्या, दुखापतीचे निदान माणसाकडे पाहून, त्याला विचारून आणि त्याला चालवून करावे लागते, आणि रेसर हा याबाबत घरातला सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार असतो, कारण त्याला पुढच्या शर्यतीत उतरायचे असते.

अमेरिकेतील नॅसकार या मोटार शर्यतींतले चालक डेल अर्नहार्ट ज्युनिअर यांचे प्रकरण याचे सर्वांत उघड उदाहरण आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये कॅन्सस येथे टायरची चाचणी घेताना त्यांची गाडी ताशी जवळपास ३०० किलोमीटरच्या वेगात भिंतीवर आदळली. त्यांनी ते अंगावर काढले आणि ते शर्यती करत राहिले. ऑक्टोबरमध्ये तॅलाडेगाला पुन्हा अपघात झाला, तेव्हा कुठे ते डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना दोन शर्यती सोडाव्या लागल्या. पुढे जून २०१६ मध्ये मिशिगनला झालेल्या अपघातानंतर तर त्यांनी आणखी काही शर्यती पूर्ण केल्या. तोल जाणे, मळमळ आणि नजर स्थिर न राहणे ही लक्षणे वाढू लागली, तेव्हा आपल्याला सायनसचा किंवा अॅलर्जीचा त्रास होत असावा, असे त्यांना आधी वाटले होते. जुलैच्या मध्यापासून ते बाहेर बसले आणि त्या हंगामातल्या १८ शर्यतींना त्यांना मुकावे लागले. त्याआधी काही वर्षे ते आपली लक्षणे फोनमध्ये टिपून ठेवत होते, पण कोणाला दाखवत नव्हते, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले. पुढील सूचना वाचताना हे प्रकरण मनात ठेवावे.

पहिले दोन दिवस

ट्रॅकवर पडलेल्या रेसरचे हेल्मेट एकट्याने ओढून काढू नये. मानेच्या मणक्यालाही इजा झाली आहे असे गृहीत धरून एकाने मान आणि जबडा स्थिर धरावा व दुसऱ्याने हेल्मेट हळूहळू काढावे. हे काम प्रशिक्षित माणसांचे आहे, आणि श्वास अडलेला नसेल तर त्यांची वाट पाहणेच उत्तम. हेल्मेट फेकून न देता रुग्णालयात न्यावे, कारण घाव कोणत्या बाजूला आणि किती जोराने बसला हे त्यावरून डॉक्टरांना कळते.

रुग्णालयात अपघात कसा झाला ते खरे सांगावे. विम्याच्या भीतीने ‘जिन्यावरून पडला’ असे सांगणारी माणसे असतात. पण शर्यतीच्या वेगातला आघात आणि जिन्यावरचे पडणे यांची तपासणी वेगळी होते, आणि चुकीच्या माहितीवर ठरलेली तपासणी जिवावर बेतू शकते.

डॉक्टरांनी घरी पाठवले तरी पहिल्या रात्री जबाबदार माणसाने सोबत राहावे. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, जीभ जड होणे, एका बाजूच्या हातापायातली शक्ती जाणे, फिट येणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येणे, किंवा हाक मारूनही नीट जाग न येणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कवटीच्या आत रक्त साचत असताना काही रुग्ण मधले काही तास अगदी ठणठणीत बोलतात आणि मग एकाएकी ढासळतात, म्हणून ‘आत्ताच तर गप्पा मारत होता’ हे सुरक्षिततेचे लक्षण मानू नये. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यानंतर मात्र रुग्णाला झोपू द्यावे. रात्रभर डोळा लागू द्यायचा नाही हा समज जुना आहे. दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल चालते. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी औषधे पहिल्या दिवसांत स्वतःच्या मनाने देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

मार मोठा असेल तर

शुद्धीचे माप ग्लासगो कोमा स्केलवर ३ ते १५ असे घेतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याखाली गंभीर दुखापत. भारतीय मोटरसायकलपटू सी. एस. संतोष यांना जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियातल्या डकार रॅलीत डोक्याला मार लागला तेव्हा त्यांना हवाईमार्गे रियाधला नेऊन औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले होते. अशी झोप मेंदूला विश्रांती देण्यासाठी आणि कवटीतला दाब आवरण्यासाठी मुद्दाम दिलेली असते. तीतून बाहेर येणे चित्रपटात दाखवतात तसे एका क्षणात घडत नाही.

शुद्धीवर येताना रुग्ण दिवस-रात्र विसरतो, नळ्या ओढतो, कधी आईवडिलांनाही शिव्या देतो. घरच्यांना याची लाज वाटते, पण हा त्याचा स्वभाव बदलल्याचा पुरावा नसून आठवणी पुन्हा साठू लागण्याआधीचा टप्पा आहे. त्याच्याशी वाद घालू नये. मोठ्या अक्षरांत तारीख, वार आणि रुग्णालयाचे नाव लिहिलेला कागद समोर लावावा, एका वेळी एक-दोघांनीच भेटावे, टीव्ही बंद ठेवावा, आणि ‘मला ओळखलंस का?’ असे विचारून परीक्षा घेण्याऐवजी ‘मी तुझा काका, आज मंगळवार आहे’ असे आपणच सांगावे. आठवणी न साठण्याचा हा काळ किती दिवस चालला याची नोंद ठेवावी. पुढे किती सुधारणा अपेक्षित धरायची याचा अंदाज बांधताना ती डॉक्टरांना उपयोगी पडते.

सर्वांत महत्त्वाची सूचना गिळण्याविषयी आहे. ओठ कोरडे दिसले म्हणून मायेने पाजलेला पाण्याचा किंवा चहाचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. कित्येकदा रुग्णाला ठसकाही लागत नाही, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. गिळण्याची तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये, आणि परवानगी मिळाल्यावरही पातळ पाण्यापेक्षा पेजेइतका दाट पदार्थ आधी सुरू होऊ शकतो, हे समजून घ्यावे.

अशा रुग्णाचे पुनर्वसन घरी सोडल्यानंतर सुरू करायचे नसते, ते वॉर्डातच सुरू व्हायला हवे. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा शिकवणारे) आणि स्पीच थेरपिस्ट (बोलणे व गिळणे सुधारणारे) हे तिघे एकत्र मिळणे महत्त्वाचे असते. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही याच कामासाठीची सरकारी संस्था आहे. खर्चाबाबत एक गोष्ट आधीच पाहावी: आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत व्यावसायिक म्हणून केलेल्या धोकादायक खेळांतल्या दुखापती येतात आणि त्यांत मोटार रेसिंगचा नावानिशी उल्लेख असतो. म्हणून शर्यतीच्या परवान्यासोबत किंवा आयोजकांकडून मिळणाऱ्या विम्याच्या अटी हंगामाच्या आरंभीच वाचून ठेवाव्यात.

सौम्य दुखापतीची काळजी

सौम्य दुखापतीत अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती घ्यावी, म्हणजे घरात हिंडावे-फिरावे, पण मोबाइल, टीव्ही व संगणक यांचा वापर कमी करावा. त्यानंतर रोज सपाट रस्त्यावर चालणे सुरू करावे. लक्षणांना ० ते १० असे गुण द्यावेत. व्यायामाने गुण आधीपेक्षा जास्तीत जास्त दोनने वाढून तासाभरात खाली आले तर चालते. त्याहून अधिक वाढले किंवा तासाभराने उतरले नाहीत तर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी कमी करावे. वही अशी दिसायला हवी: ‘सकाळी डोकेदुखी ३, पंधरा मिनिटे चालल्यावर ४, अर्ध्या तासाने ३, संध्याकाळी बाजारात गेल्यावर गरगरणे ६, घरी आल्यावरही ५.’ यातली बाजाराची नोंद डॉक्टरांसाठी डोकेदुखीच्या नोंदीपेक्षा मोलाची आहे. ही वही घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लिहावी, कारण वर म्हटल्याप्रमाणे रेसर स्वतःला नेहमी दोन गुण कमी देतो.

बहुतेक प्रौढ दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. ज्यांचे रेंगाळते त्यांच्या बाबतीत दोष पुष्कळदा डोळे, आतला कान आणि मान या तिघांच्या ताळमेळात सापडतो. डोके हलत असताना नजर एका जागी धरून ठेवण्याचे काम आतल्या कानाच्या संदेशांवर चालते, आणि ते बिघडले की चालताना जग उसळल्यासारखे दिसते. अर्नहार्ट यांचा मुख्य त्रास हाच होता. पिट्सबर्गमधील तज्ज्ञ मिकी कॉलिन्स यांनी त्यांना घरी पडून राहण्याऐवजी डोळ्यांचे व तोलाचे व्यायाम दिले आणि गर्दीच्या, गोंगाटाच्या ठिकाणी मुद्दाम जाण्यास सांगितले. त्यातला मूळ व्यायाम साधा आहे: हात लांब करून अंगठ्याच्या नखावर नजर रोखायची आणि डोके ‘नाही’ म्हणताना हलवतो तसे डावी-उजवीकडे हलवायचे, नख अस्पष्ट दिसू लागले की वेग कमी करायचा. आधी बसून, मग उभ्याने, मग पाय जुळवून, आणि शेवटी चालताना. मानेची तपासणी झाल्यावर, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने वेग आणि वेळ ठरवून दिल्यावरच हे करावे.

अंथरुणावर कूस बदलताच काही सेकंद खोली फिरत असेल तर तो कानातले सूक्ष्म कण सरकल्याचा त्रास असू शकतो. त्यावर गोळ्या घेत बसण्यापेक्षा डोके ठरावीक क्रमाने वळवण्याची क्रिया करून घ्यावी, ती कित्येकांना एक-दोन वेळांतच आराम देते. एकाचे दोन दिसत असतील तर नेत्रतज्ज्ञ गाठावा. स्पेनचे मोटरसायकल रेसर मार्क मार्केझ यांना २०११ साली मलेशियातील सेपांगच्या ट्रॅकवर पडल्यानंतर डोळ्याचा स्नायू चालवणाऱ्या नसेला इजा झाल्याने दुहेरी दिसू लागले, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तोच त्रास पुढे नव्या अपघातांनंतर पुन्हा उद्भवला.

झोप बिघडणे, चिडचिड, रडू येणे आणि कशातच मन न लागणे हीसुद्धा दुखापतीचीच लक्षणे आहेत. ‘खचला आहे, शर्यत मिळाली की ठीक होईल’ असे म्हणून ती टाळू नयेत, आणि आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. दारू पूर्ण बंद ठेवावी. डोकेदुखीची गोळी आठवड्यात दोन-तीन दिवसांहून अधिक लागू लागली तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहण्याची शक्यता असते. वास येईनासा झाला असेल, जे अशा मारानंतर वारंवार घडते आणि रुग्णाच्या सहसा उशिरा लक्षात येते, तर स्वयंपाकघरात गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र बसवावे.

पुन्हा ट्रॅकवर

परतीच्या पायऱ्या सहा आहेत आणि प्रत्येकीत किमान २४ तास घालवायचे असतात: नेहमीची दैनंदिन कामे, हलका व्यायाम, खेळाशी संबंधित एकट्याने करायच्या हालचाली, अवघड सराव, पूर्ण सराव आणि स्पर्धा. अवघड सरावाच्या आधी लक्षणे पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. रेसरच्या बाबतीत या पायऱ्यांमध्ये सिम्युलेटर, म्हणजे पडद्यासमोर बसून गाडी चालवल्याचा आभास देणारे यंत्र, जपून वापरावा: त्यात डोळ्यांना गती दिसते पण कानाला जाणवत नाही, त्यामुळे धडधाकट माणसालाही मळमळते, आणि त्यावरून दुखापत शिल्लक आहे असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. एकदाही फिट आली असेल तर रस्त्यावरचे वाहन चालवण्याआधीही न्यूरोलॉजिस्टची परवानगी घ्यावी.

पहिला मार पूर्ण बरा होण्याआधी दुसरा बसला तर नुकसान पुष्कळ अधिक होते, आणि किशोरवयीन मुलांत ते क्वचित प्राणघातकही ठरते. कार्टिंग आणि मोटोक्रॉसमध्ये मुले उतरवणाऱ्या पालकांनी याबाबतीत प्रशिक्षकाचेसुद्धा ऐकू नये. नॅसकारने २०१४ पासून चालकांची स्मरणशक्ती व प्रतिसाद यांची हंगामापूर्वी चाचणी घेणे सक्तीचे केले, कारण अपघातानंतरचे गुण कशाशी ताडायचे हे आधी ठाऊक असावे लागते. आपल्याकडे अशी चाचणी स्वतःहून करून घ्यावी.

अर्नहार्ट यांनी डिसेंबर २०१६ मध्ये डार्लिंग्टनच्या रिकाम्या ट्रॅकवर न्यूरोसर्जनच्या उपस्थितीत गाडी चालवली, त्यानंतर त्यांना परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ते डेटोनाला परतले. त्याच वर्षाअखेर त्यांनी पूर्ण हंगाम खेळणे थांबवले. हीच पद्धत लहान प्रमाणात येथेही राबवता येते. सराव दिवस भाड्याने घेऊन एकट्याने फेऱ्या माराव्यात, दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून लक्षणांचे गुण लिहावेत, फेरीची वेळ मुद्दाम पाहू नये, आणि त्या रात्रीची झोप व दुसऱ्या सकाळची डोकेदुखी नोंदवल्याशिवाय पुढच्या नोंदणीचे पैसे भरू नयेत. हेल्मेट नवे घ्यावे, कारण आतला फोम एकदा दाबला गेला की बाहेरचे कवच शाबूत दिसले तरी पुन्हा तितका आघात शोषू शकत नाही. जुने दुसऱ्या कोणाला देऊ नये आणि विकूही नये, पट्टा कापून टाकावा.