जुन्या मराठी पत्रातील शुहूर सन कसा वाचावा

पेशवेकालीन मोडी पत्राचा मजकूर लागला, तरी शेवटी ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे शब्द दिसले की नवा वाचक अडखळतो. ही शुहूर सनाची अरबी अंकनामे आहेत. तुघलकांच्या अमलात, हिजरी 745 म्हणजे इ. स. 1344 पासून, दख्खनेत ही गणना सुरू झाली, निजामशाही आणि आदिलशाहीच्या दप्तरांत रुळली आणि तिथून मराठ्यांनी ती जशीच्या तशी उचलली. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ते पेरणी-कापणीच्या हंगामाशी जुळत नाही, आणि सारा तर पिकावर घ्यायचा. म्हणून हा सन सौर ठेवून सूर्याच्या मृगप्रवेशापासून धरला जाई.

प्रथम शब्दांचे अंक करावेत. क्रम एकं, दहं, शतं, सहस्र असा असतो. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे 1 ते 9. अशर 10, अशरीन 20, सलासीन 30, अर्बैन 40, खमसैन 50, सितैन 60, सबैन 70, समानीन 80, तिसैन 90. मया 100, मयातैन 200 आणि अलफ 1000. लेखक शब्द घाईने मोडतात, त्यामुळे सबा आणि सबैन, समान आणि समानीन या जोड्या दोनदा तपासाव्यात. वरील उदाहरणात 1+60+100+1000, म्हणजे 1161 येतात.

आता इसवी सन काढावा. मृगापासून, म्हणजे शिवकाळात मे अखेर आणि पेशवाईत जूनच्या पहिल्या आठवड्यापासून, डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवावेत. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणून 1161 मध्ये 600 मिळवावे लागतात.

सर्वांत मोठा घोटाळा हिजरीशी होतो. पत्रात ‘छ’ या खुणेपुढे मोहरम, सफर, रबिलावल, जिल्हेज अशा मुसलमानी महिन्याची तारीख असते आणि वर्ष मात्र शुहूर असते. पानिपतच्या वेळी हिजरी 1174 चालू होते. शुहूर 1174, म्हणजे ‘अर्बा सबैन मया व अलफ’, मात्र नारायणरावाच्या खुनाचे, 1773 चे वर्ष आहे. हिजरीचे कोष्टक लावले तर तेरा वर्षांची चूक पदरात पडते.

चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे शुहूर वर्षाच्या आरंभीची काही चांद्र तारीख त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा येते. तिथीचा इथे उपयोग नाही, कारण तीही चंद्रावरच चालते, आणि मध्ये अधिक मास आला नसेल तर मराठी महिनाही तोच पडतो. वार मात्र चार-पाच दिवसांनी सरकलेला असतो, तेव्हा पत्रात वार असेल तर त्यानेच निकाल लावावा. चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने तारखेत एका दिवसाचा फरक राहू शकतो आणि तो मान्य करावा. पत्रात फसली सन, म्हणजे पिकाच्या हंगामावर धरलेला महसुली सन, दिला असेल, तर दख्खनी फसलीचा आकडा शुहूरपेक्षा 9 ने मोठा असतो. त्यात मृगानंतर 590 आणि जानेवारीनंतर 591 मिळवावेत.